रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या बाजूने चढणाऱ्या वाटेवर, खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे एक लहानसे मंदिर आहे. वर जाण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाचे त्याच्याकडे लक्ष जाईलच असे नाही. परंतु गणिताच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. मंदिरात विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, एक शिलालेख आहे. फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली आणि देवाला रोज ५० माळा पुरवण्याची व्यवस्था केली, अशी नोंद त्यात आहे. या २७० आणि ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाच्या रूपाने कोरलेले आजही दिसते. काळ निश्चित सांगता येतो अशा भारतीय शिलालेखांतील शून्याच्या जुन्यात जुन्या खुणांपैकी ही एक आहे.

कोरणाऱ्याने ते वर्तुळ वगळून तेथे नुसती मोकळी जागा सोडली असती तर काय झाले असते? पुढच्या पिढीने २७० ऐवजी २७ वाचले असते आणि बागेची जमीन एक-दशांशावर आली असती. पन्नास माळांच्या पाच झाल्या असत्या. तेव्हा ‘येथे काही नाही’ हेसुद्धा लिहून ठेवावे लागते. रिकामी जागा काहीच सांगत नाही. शून्य मात्र निश्चितपणे सांगते. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा हा धडा आज सर्वांत अधिक कोणाला उपयोगी पडत असेल, तर तो जुन्या यंत्राच्या बोर्डावरील स्मृति-चिप बदलणाऱ्या तंत्रज्ञाला.

एक साधा प्रसंग कल्पावा. एखाद्या प्रयोगशाळेत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे मोजमापाचे एक उपकरण आहे. त्याचे सर्व भाग धडधाकट आहेत. परंतु ज्या चिपेत त्याचा कार्यक्रम, म्हणजे त्याने काय करावे याच्या सूचना, साठवलेल्या आहेत ती निकामी झाली आहे. चिपेवर २७६४ हा क्रमांक आहे. बाजारात नेमकी ती मिळत नाही. मिळते ती २७२५६. दोन्हींना पाय तेवढेच, अठ्ठावीस. दोन्हींची लांबी-रुंदी सारखी. नवी चिप जुन्या सॉकेटमध्ये अलगद बसते. हाताशी असलेल्या प्रतीवरून जुना कार्यक्रम तीत उतरवलेला असतो. कळ दाबावी, तर उपकरण मुके! कधी एकदा चालते, पुन्हा अडते. मग ‘बोर्डच गेला’ असा निर्णय होतो आणि चांगले यंत्र भंगारात जाते. वास्तविक बोर्डाला काहीही झालेले नसते. चूक असते ती एका स्थानाच्या किमतीची.

ती समजण्यासाठी स्मृति-चिप म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. लष्कर भागातील एखाद्या लांब गल्लीची कल्पना करावी. गल्लीत ओळीने घरे आहेत आणि प्रत्येक घरावर क्रमांक आहे. पोस्टमनला क्रमांक सांगितला की तो नेमक्या त्या घरी जातो आणि तेथे जे काही ठेवलेले असेल ते घेऊन येतो. स्मृति-चिप ही अशीच गल्ली होय. तिच्या प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ पर्यंतची एक संख्या, ठेवलेली असते. घराचा क्रमांक सांगण्यासाठी चिपेला काही पाय दिलेले असतात. त्यांना पत्ता-पिना म्हणावे. घरातील संख्या बाहेर आणण्यासाठी वेगळ्या आठ पिना असतात.

मनुष्य क्रमांक दहाच्या हिशेबाने लिहितो. एक स्थान वाढले की घरे दसपट होतात. यंत्र मात्र दोनच खुणा ओळखते, शून्य आणि एक. पिनेवर विद्युद्दाब जवळजवळ नसला तर शून्य, पाच व्होल्टच्या आसपास असला तर एक. त्यामुळे यंत्राच्या लिखाणात एक स्थान वाढले की घरे दुप्पट होतात. २७६४ या चिपेला तेरा पत्ता-पिना आहेत. दोनला दोनने तेरा स्थानांपर्यंत वाढवत नेले की ८,१९२ घरे होतात. यालाच तंत्रज्ञ आठ किलोबाइट म्हणतात. २७१२८ मध्ये चौदा पिना, म्हणून १६,३८४ घरे. २७२५६ मध्ये पंधरा पिना आणि ३२,७६८ घरे. २७५१२ मध्ये सोळा पिना आणि ६५,५३६ घरे. क्रमांकातील २७ नंतरचे आकडे म्हणजे चिपेत मावणाऱ्या बिटांची संख्या हजारांच्या हिशेबाने होय. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ६४ ला आठाने भागले की आठ किलोबाइट येतात.

या जातीच्या चिपेचा शोध १९७१ सालचा. इंटेल या अमेरिकन कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी, विजेने लिहिता येईल आणि अतिनील किरणांनी पुसता येईल, अशी चिप तयार केली. तिच्या पाठीवर गारेच्या काचेची छोटी खिडकी असते. ठरावीक दिव्याखाली ती खिडकी पंधरा-वीस मिनिटे धरली की आतले सर्व लिखाण पुसले जाते आणि प्रत्येक घरात २५५ हा आकडा, म्हणजे आठही एक, राहतो. पहिल्या चिपेत अवघे २५६ बाइट मावत. पुढे क्षमता वेळोवेळी दुप्पट होत गेली. आणि येथेच उत्पादकांनी मोठी दूरदृष्टी दाखवली. क्षमता वाढली तरी जुन्या पिनांच्या जागा होता होईल तो बदलायच्या नाहीत, वाढीव पत्ता-पिना शक्यतो पूर्वी मोकळ्या असलेल्या किंवा वाचनाच्या वेळी निरुपयोगी असलेल्या जागी आणायच्या, असा संकेत त्यांनी पाळला. एका सॉकेटमध्ये निरनिराळ्या क्षमतेच्या चिपा बसवता येतात, त्या या संकेतामुळे.

आता पुन्हा त्या मुक्या उपकरणाकडे वळू. २७६४ आणि २७२५६ यांच्या अठ्ठावीस पिना समोरासमोर ठेवल्या, तर त्यांतील सव्वीस पिनांचे काम एकच आहे असे दिसते. फरक फक्त दोन ठिकाणी आहे. २७६४ ची २६ वी पिन आत कशालाच जोडलेली नसते. २७२५६ मध्ये तीच पिन चौदावे पत्ता-स्थान असते. २७६४ ची २७ वी पिन चिपेवर लिहिण्याच्या वेळी कामी येते, आणि वाचताना ती पाच व्होल्टला बांधून ठेवायची असते. २७२५६ मध्ये तीच पिन पंधरावे पत्ता-स्थान असते. म्हणजे मोठी चिप ज्या दोन स्थानांवरून ‘गल्लीचा कोणता भाग?’ असे विचारते, त्या स्थानांविषयी जुन्या बोर्डाला काहीच ठाऊक नसते. तो बिचारा तेराच स्थानांचा पत्ता सांगतो. उरलेली दोन स्थाने मात्र मोठ्या चिपेला कोठून तरी वाचावीच लागतात.

ती काय वाचते? २७ व्या पिनेला बोर्डाने पाच व्होल्ट दिलेले आहेत. चिप तेथे ‘एक’ वाचते. म्हणजे गल्लीचा पहिला अर्धा भाग एकदम बाद झाला. पुष्कळ बोर्डांवर २६ वी पिनही पाच व्होल्टलाच जोडलेली असते. तसे असेल तर दोन्ही ठिकाणी ‘एक’ आला, आणि चिप आपला शेवटचा चौथा हिस्सा, २४,५७६ पासून ३२,७६७ पर्यंतची घरे, तेवढीच दाखवू लागली. तंत्रज्ञाने जुना कार्यक्रम सवयीप्रमाणे पहिल्या चौथ्या हिश्श्यात, शून्य क्रमांकापासून, लिहिलेला. यंत्र शोधते शेवटच्या हिश्श्यात, आणि तेथे तर घरोघरी २५५! यंत्र मुके झाले यात नवल ते काय?

उपाय अगदी सोपा आहे. तोच आठ किलोबाइटांचा कार्यक्रम मोठ्या चिपेच्या चारही हिश्श्यांत चार वेळा लिहावा. मग वरची दोन स्थाने काहीही सांगोत. यंत्र ज्या हिश्श्यात शिरेल तेथे त्याला आपलेच घर सापडेल. २७१२८ वापरली तर दोनदा, २७५१२ वापरली तर आठ वेळा लिहावा लागेल. २७५१२ मध्ये पहिली पिनसुद्धा पत्ता-स्थान झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. या रीतीत जागा वाया जाते खरी. परंतु आज लहान चिप मिळणेच दुर्मिळ असताना, वाया गेलेल्या जागेपेक्षा वाचलेल्या यंत्राची किंमत अधिक.

परंतु २६ वी पिन बोर्डावर कशालाच जोडलेली नसेल तर? शिलालेखाचा धडा खऱ्या अर्थाने येथे लागू होतो. कित्येकांची समजूत अशी असते, की पिनेला काही जोडले नाही म्हणजे तेथे शून्य आले. ही समजूत घातक आहे. लोंबकळत राहिलेली पिन शून्यही नसते आणि एकही नसते. शेजारच्या तारांतील विजेची चाहूल, हाताचा स्पर्श, हवेतील दमटपणा, अशा कोणत्याही कारणाने ती कधी शून्य तर कधी एक वाचली जाते. चिप कधी आपला तिसरा हिस्सा दाखवते, कधी चौथा. यंत्र सकाळी चालते आणि दुपारी अडते. किंवा झाकण उघडले की सुरळीत होते आणि लावले की बिघडते, ते पुष्कळदा अशा लोंबकळत्या पिनेपायी. अशा दोषाचा शोध घेता घेता दिवसचे दिवस जातात. म्हणून शून्य हवे असेल तर ती पिन एका बारीक तारेने ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधावी. एक हवा असेल तर पाच व्होल्टला बांधावी. शून्य गृहीत धरू नये, ते लिहावे.

याच्या उलट प्रकार, म्हणजे मोठ्या चिपेसाठी केलेल्या सॉकेटमध्ये लहान चिप बसवणे. त्याचे उत्तम उदाहरण आपल्याकडील शाळांच्या इतिहासात आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक-साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, आणि देशातील सुमारे अडीचशे शाळांत इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. या यंत्राच्या बोर्डावर जादा कार्यक्रमांच्या चिपांसाठी सॉकेटे ठेवलेली होती, आणि प्रत्येक सॉकेटच्या वाट्याला सोळा किलोबाइटांचा पत्ता दिलेला होता. त्यात आठ किलोबाइटांची चिप बसवली तरी ती चालत असे. यंत्र चौदावे स्थान २६ व्या पिनेवर पाठवी. लहान चिपेची ती पिन आत कशालाच जोडलेली नसल्याने ती सूचना तिच्यापर्यंत पोहोचतच नसे. परिणामी तीच आठ किलोबाइटे यंत्राला दोनदा दिसत, एकदा पहिल्या अर्ध्या भागात आणि एकदा दुसऱ्यात. जशी आरशासमोर ठेवलेली वस्तू दोन ठिकाणी दिसावी. कार्यक्रम पहिल्या भागातच पुरा होत असल्यामुळे या प्रतिबिंबाने काही बिघडत नसे.

त्याच संगणकाच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांत मुख्य कार्यप्रणाली चार-चार किलोबाइटांच्या चार चिपांत विभागलेली होती. पुढे ती सोळा किलोबाइटांच्या एकाच चिपेत आली. हा बदल करताना नुसती चिप काढून चिप बसवणे पुरत नसे. बोर्डावरील काही छोट्या जोडण्या, ज्यांना ‘जंपर’ किंवा ‘लिंक’ म्हणतात, बदलून द्याव्या लागत. जंपर म्हणजे त्या स्थानावर शून्य लिहायचे, एक लिहायचा, की खरा पत्ता आणून द्यायचा, हे ठरवणारी कळच होय. चांगल्या बोर्डाच्या पुस्तिकेत कोणत्या चिपेसाठी कोणता जंपर कोठे लावावा याचा तक्ता दिलेला असतो. तो तक्ता न वाचता चिप बदलणे म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणे.

याच युक्तीचा एक चतुर उपयोग १९८२ साली बाजारात आलेल्या सिंक्लेअर कंपनीच्या ‘स्पेक्ट्रम’ या स्वस्त संगणकात झाला. त्यात वापरलेल्या काही स्मृति-चिपा मुळात ६४ किलोबिटांच्या होत्या. परंतु तपासणीत त्यांचा अर्धा भाग सदोष निघालेला असे. त्या फेकून न देता चांगला अर्धाच वापरायचा, असे ठरले. वरचा अर्धा चांगला असेल तर सर्वांत वरच्या स्थानी एक, खालचा चांगला असेल तर शून्य, अशी जोडणी बोर्डावर कायमची करून टाकत. सदोष अर्ध्याकडे यंत्राचे पाऊल कधी पडतच नसे. एका स्थानावर योग्य खूण लिहिली की टाकाऊ वस्तूही कामाची कशी होते, याचे हे बोलके उदाहरण.

परंतु प्रत्येक अदलाबदल निर्धोक असते असे मात्र समजू नये. चोवीस पायांच्या जुन्या चिपांपैकी २७१६ ची २१ वी पिन लिहिण्याच्या मोठ्या विद्युद्दाबासाठी असते, आणि वाचताना तिला पाच व्होल्ट द्यावे लागतात. २७३२ मध्ये तीच पिन बारावे पत्ता-स्थान आहे. २७१६ च्या जागी २७३२ बसवली तर ती नेहमी आपला वरचा अर्धा भागच दाखवील. कार्यक्रम तेथे लिहिला की काम भागते. उलट केले, तर लहान चिपेच्या त्या पिनेवर पत्त्यातील शून्य-एक येऊ लागतील आणि वाचनाचा भरवसा राहणार नाही. तेथे ती पिन सॉकेटबाहेर वाकवून वेगळ्या तारेने पाच व्होल्टला जोडावी लागते. चोवीस पायांची चिप अठ्ठावीस पायांच्या सॉकेटमध्ये बसवायची असेल तर ती ग्राउंडच्या टोकाला सरकवून, वरच्या चार जागा मोकळ्या ठेवून बसवतात; कारण दोन्हींच्या पिना त्या टोकाकडून जुळतात. तेव्हा तिचा वीजपुरवठा सॉकेटच्या २६ व्या जागेवरून यावा लागतो.

सर्वांत मोठा धोका तात्पुरत्या स्मृतीच्या चिपांत आहे. ४११६ आणि ४१६४ या दोन्ही सोळा पायांच्या चिपा डोळ्यांना जुळ्या बहिणी वाटतात. परंतु ४११६ ला तीन निरनिराळे विद्युद्दाब लागतात आणि तिच्या आठव्या पिनेवर बारा व्होल्ट असतात. ४१६४ ची आठवी पिन पाच व्होल्टची आहे. पहिलीच्या सॉकेटमध्ये दुसरी तशीच बसवली की ती तत्काळ निकामी होते. येथे शून्य-एकाचा प्रश्नच उरत नाही. तसेच, जुन्या २७३२ वर लिहिण्यास पंचवीस व्होल्ट लागत, तर २७२५६ ला साडेबाराच पुरतात. लिहिण्याच्या यंत्रावर चुकीचा क्रमांक निवडला तर चिप वाया जाते. याखेरीज नवी चिप जुनीइतकी तरी जलद असली पाहिजे, आणि तिच्या टोकावरील खाच सॉकेटच्या खाचेशी जुळली पाहिजे. खाच उलटी पडली, की वीज चुकीच्या पायांतून शिरते.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि घाईच्या वेळी तीच विसरली जाते. जुनी चिप अजून अर्धवट जरी जिवंत असेल, तरी काहीही करण्यापूर्वी तिच्यातील मजकूर वाचून त्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात. चिप नवी मिळू शकते. बोर्ड दुरुस्त होऊ शकतो. परंतु ज्या कंपनीने ते उपकरण केले ती बंद झालेली असेल, आणि कार्यक्रमाची जगातील एकमेव प्रत त्या खिडकीमागे असेल, तर ती गेल्यावर उपकरण कायमचे गेले. खिडकीवरील कागदाची पट्टी फाटली असेल तर ती आधी लावावी. थेट उन्हात अशी चिप सुमारे आठवड्याभरात पुसली जाऊ शकते. खोलीतील नळीच्या दिव्याखालीसुद्धा काही वर्षांत तिच्यातील लिखाण नाहीसे होण्याचा संभव असतो. एवढ्याशा चिकटपट्टीवर कधीकधी एका प्रयोगशाळेचे काम अवलंबून असते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. आधी जुनी चिप वाचून प्रत करावी. मग दोन्ही चिपांच्या पिनांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून, ज्या पिनांचे काम बदलते त्यांवर खूण करावी. त्या प्रत्येक पिनेवर बोर्ड काय देतो ते मापकाने मोजावे. जेथे काहीच येत नसेल तेथे शून्य किंवा एक निश्चित करावा. नव्या चिपेत मजकूर योग्य त्या हिश्श्यात, शक्य तर सर्वच हिश्श्यांत लिहावा, आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा. एवढे झाल्यावरच चिप सॉकेटमध्ये घालावी. या सर्वांस तासभर लागेल. परंतु तो तास न दिल्याने चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत.

चतुर्भुजाच्या मंदिरातील त्या अनाम कारागिराला संगणक ठाऊक नव्हता, विजेची तर गोष्टच नको. परंतु फुलबागेची जमीन पुढच्या पिढ्यांनी चुकीची मोजू नये, एवढी काळजी त्याला होती. म्हणून त्याने मोकळी जागा न सोडता छिन्नीने एक लहानसे वर्तुळ कोरले. ती बाग आज नाही, माळाही नाहीत. पण त्याने लिहिलेला हिशेब कोणालाही बिनचूक वाचता येतो.